अडकण्याचा क्षण ट्रेसमध्ये कसा पकडायचा?

प्रश्न : सर, उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. कंट्रोलरवर लिनक्स चालतं. मधूनच ते क्षणभर अडकतं. एफट्रेस (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काय चाललंय याच्या नोंदी ठेवणारी सोय) लावून ठेवतो, पण मी धावत येईपर्यंत त्या वेळच्या नोंदी गेलेल्या असतात. काय करावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : धावत येऊच नका! बफर, म्हणजे नोंदी साठवायची ठरावीक जागा, भरला की नव्या नोंदी सर्वांत जुन्यांवर चढतात, तुमची वाट बघत नाहीत. उशीर झाल्याचं तुमच्या प्रोग्रामलाच ओळखू द्या आणि त्यानंच एफट्रेसच्या ‘ट्रेसिंग_ऑन’ फाइलीत 0 लिहावा. आधीच्या नोंदी जागच्या जागी राहतात. वाचून झालं की 1 लिहा, पुढं चालू. 0 लिहिण्याआधी ‘ट्रेस_मार्कर’ फाइलीत एक ओळ टाकली तर शोधणं सोपं जातं. प्रोग्रामला हात लावायचा नसेल, तर ‘सेट_एफट्रेस_फिल्टर’मध्ये कर्नलमधल्या संशयित फंक्शनचं नाव, विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि ‘ट्रेसऑफ’ लिहा. ते फंक्शन आलं की नोंद आपोआप थांबते.

मात्र 0 लिहिल्यानं नोंद थांबते, ट्रेसरचा, म्हणजे नोंदी गोळा करणाऱ्या यंत्रणेचा, भार उतरतोच असं नाही. फंक्शन ट्रेसर (फंक्शन कॉल्सची नोंद करणारा) महिनोन्‌महिने तसाच ठेवून लिनक्सला शिव्या घालणारे आपल्याकडं कमी नाहीत. भार काढायला ‘करंट_ट्रेसर’मध्ये ‘नॉप’ (म्हणजे कुठलाच ट्रेसर नको) लिहा. पण आधी ट्रेस कॉपी करून घ्या. ट्रेसर बदलला की बफर रिकामा होतो.