गेकोचं पिल्लू खात नाहीये? आधी त्याच्या पोटाखालची जमीन किती गरम आहे ते बघा

यावेळी लेपर्ड गेकोबद्दल, म्हणजे घरात पाळतात त्या पालीसारख्या सरपटणाऱ्या प्राण्याबद्दल, तीन पत्रं आलीत. तिन्हीत प्रश्न खाण्याचा आहे आणि मला मात्र तिन्ही वेळा त्याच्या घराबद्दल बोलावं लागतंय. पहिल्या पत्राला जास्त जागा देतेय कारण त्यातल्या अडचणी खूप जणांच्या असतात.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. मुलगी ११ वर्षांची, वर्षभर मागे लागली होती म्हणून वाढदिवसाला लेपर्ड गेकोचं पिल्लू आणलं. दुकानदार म्हणाला दोन महिन्यांचं आहे. दोन फुटी काचेची टाकी, वाळू, हीट मॅट (टाकीखाली ठेवायची, विजेवर तापणारी चटई), एक गुहा, पाण्याची वाटी असा सगळा सेट त्यानेच दिला. आज सहावा दिवस, पिल्लू काही म्हणजे काही खात नाहीये. डबीभर रातकिडे आत सोडलेत, ते सगळीकडे फिरतात. आम्ही घरी पूर्ण शाकाहारी आहोत, किड्यांना हात लावणं मला फार जड जातं, तर गाजर, फळं असं काही देऊन चालेल का? आणि सासूबाई आल्यात भारतातून, त्यांचं म्हणणं घरात पाल पाळणं बरं नाही, कुणाच्या अंगावर पडली तर? मुलगी रोज रडते. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी ते रातकिडे आजच बाहेर काढा. एवढे किडे रात्रभर मोकळे राहिले की ते उलटे पिल्लालाच चावतात, बोटं आणि शेपटी कुरतडतात, मग पिल्लू घाबरून गुहेतून बाहेरच पडत नाही आणि आपल्याला वाटतं त्याला भूक नाही. नवीन घरी आलेलं पिल्लू पहिले काही दिवस तसंही बिचकलेलं असतं, त्यामुळे सहा दिवस ऐकून मी लगेच घाबरणार नाही, पण टाकीचं जे वर्णन तुम्ही लिहिलंय ते वाचून मात्र काळजी वाटली.

पिल्लू खात नाही म्हटलं की सगळे खाणं बदलत बसतात, हा किडा नको तर तो आणा. खरी गोष्ट अशी आहे की या प्राण्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते, आणि लेपर्ड गेको ती बरीचशी पोटाखालच्या जमिनीतून घेतो. जमीन गार असेल तर पोटातलं पचत नाही, आणि पचत नसेल तर तो नवीन घास घेतच नाही. मूळचा हा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या खडकाळ भागातला. दिवसा दगडाखाली, कपारीत पडून राहायचं, दिवस मावळला की उन्हाने तापलेल्या दगडांतून शिकारीला निघायचं असं त्याचं आयुष्य. तो तापलेला दगड तुम्हाला टाकीत द्यायचाय, बाकी सगळं नंतर.

माझ्या पहिल्या गेकोच्या वेळी मी हीच चूक केली होती. काचेला चिकटवायचा गोल तापमापक होता, तो छान ३० दाखवायचा आणि मी निश्चिंत. जवळजवळ तीन आठवडे तो नीट जेवला नाही, शेपटी बारीक होत गेली. शेवटी वायरवाल्या प्रोबचा डिजिटल तापमापक आणून गुहेच्या आत जमिनीवर ठेवला तर आकडा आला २४. तो आकडा बघून मला जे वाटलं ते अजून आठवतं. तापमान वाढवल्यावर पाचव्या दिवशी त्याने पहिला किडा पकडला. त्या चिकटवायच्या तापमापकावर त्यानंतर मी कधी विश्वास ठेवला नाही, तुम्हीही ठेवू नका.

तर तुम्हाला हवंय ते असं: गरम बाजूच्या गुहेत, जिथे त्याचं पोट टेकतं त्या जागी ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला २४ ते २६. रात्री थोडं उतरलं तरी बिघडत नाही. मॅट टाकीच्या एकाच बाजूला, साधारण एक तृतीयांश जमिनीखाली येईल अशी ठेवायची म्हणजे त्याला गरम वाटलं तर गार बाजूला जाता येतं, आणि थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) मॅट प्लगला लावायचीच नाही. ही एक वस्तू दुकानदाराने तुम्हाला दिली नाही आणि सगळ्यात जास्त तीच गरजेची होती. थर्मोस्टॅट नसलेली मॅट थंडीत कमी पडते, आणि वर जाड वाळू असली की उष्णता खालीच कोंडून कुठेतरी इतकी तापते की पोट भाजतं. गेकोला चटका बसतोय हे वेळेवर कळत नाही, तो तिथेच बसून राहतो. प्लगवर चालणारे गरम दगड मिळतात तेही याच कारणासाठी नको.

वाळू आज काढून टाका. लहान पिल्लू किड्यावर झेप घेताना वाळूसकट घास घेतं आणि ती आतड्यात साचून बसते, त्यात पिल्लं दगावतात. पाकिटावर कॅल्शियमची वाळू, पचते वगैरे लिहिलेलं असतं, तीही नको. सध्या किचन टॉवेल अंथरा, दिसायला काही खास नाही पण शी कशी होतेय, किती होतेय हे तुम्हाला रोज दिसेल आणि या वयात ते सगळ्यात महत्त्वाचं. (हे प्राणी बहुधा एकच कोपरा शी करायला ठरवून घेतात, साफ करणं सोपं जातं.) मोठा झाला की फरशी किंवा स्लेटचे तुकडे बसवा.

गुहा एक नाही, तीन हव्यात. एक गरम बाजूला, एक गार बाजूला आणि एक ओलसर. ओलसर म्हणजे साधा झाकणाचा प्लास्टिकचा डबा, बाजूला भोक, आत ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) किंवा किचन टॉवेलच. पिल्लं वाढताना सारखी कात टाकतात आणि ती स्वतःच खाऊनही टाकतात, त्यामुळे कात दिसली नाही तर गोंधळू नका. मात्र हवा कोरडी असली की बोटांच्या टोकाला कात अडकून राहते, दोऱ्यासारखी आवळते, रक्त थांबतं आणि बोट गळून पडतं. दर कातीनंतर बोटं मोजून बघा, मुलीला हे काम द्या, मुलं फार मन लावून करतात. टाकी सध्या पुरेल, पण मोकळी ठेवू नका, झाडाची साल, कागदी नळकांडी, खोटी पानं असं काहीबाही ठेवा म्हणजे त्याला आडोशाआडोशाने फिरता येईल. मोठ्या गेकोला ९० बाय ४५ सेंटिमीटरची जागा लागेल हे आत्ताच लक्षात घ्या.

आता गाजर. नाही चालणार. लेपर्ड गेको फक्त किडे खातो, भाजी आणि फळं त्याला पचत नाहीत, आणि सहसा हलणारंच काहीतरी तो शिकार म्हणून ओळखतो. तुमची अडचण मला खरंच समजते, माझ्या माहेरीही अंडं शिजत नव्हतं, त्यामुळे हे मी हलकेपणाने लिहीत नाहीये. पण हा प्राणी १५-२० वर्षं जगतो आणि तितकी वर्षं घरात जिवंत किडे असणार आहेत. हे मनाला पटतच नसेल तर आत्ताच, पिल्लू धडधाकट असताना, नीट सांभाळणारं दुसरं घर शोधणं यात काहीही कमीपणा नाही. पटत असेल तर चिमट्याने द्यायला शिका, हात लावावा लागत नाही. गाजर मात्र वाया जाणार नाही, ते किड्यांना घाला! गेकोला देण्याआधी दिवसभर किड्यांना गाजर, रताळं, हिरवा पाला खाऊ घालायचा कारण किड्याच्या पोटात जे असतं तेच शेवटी गेकोच्या पोटात जातं. पालक टाळा, त्यातल्या ऑक्झॅलेट नावाच्या घटकामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

किडा किती मोठा? गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नको. छोटे रातकिडे, टोळांची छोटी पिल्लं, डुबिया झुरळाची पिल्लं, मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या), आलटून पालटून द्या. या वयात रोज संध्याकाळी पाच ते सात किडे, दिवे मंद करून, पंधरा मिनिटांत खाईल तेवढे, उरलेले लगेच बाहेर. मीलवर्म गुळगुळीत वाटीत ठेवले तर ते पळत नाहीत. वर्षाचा होईपर्यंत हळूहळू दिवसाआड आणि नंतर आठवड्यातून दोन-तीनदा. वॅक्सवर्म (पतंगाच्या अळ्या) फार चरबीचे, ते महिन्यातून एखाद वेळेस, नाहीतर पिल्लू बाकी सगळं सोडून तेवढंच मागतं. बागेतले किडे देऊ नका, त्यांच्या अंगावर फवारणीचं विष असू शकतं, आणि काजवा तर कधीच नाही, काही जातींच्या काजव्यांत असं विष असतं की एकाच काजव्याने पाळीव सरडा मेल्याची नोंद आहे.

किडे कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून द्यायचे. वाढत्या पिल्लाला हे जवळजवळ प्रत्येक जेवणाला. टाकीवर यूव्हीबीचा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) दिवा नसेल तर डी३ जीवनसत्त्व असलेलं कॅल्शियम घ्या, आणि आठवड्यातून एकदा मल्टिव्हिटॅमिन. हे टाळलं की जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, चालताना अंग थरथरतं, आणि एकदा वाकलेलं हाड पूर्ण सरळ होत नाही. मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं कारण काही पौंडांच्या डबीने ते टळलं असतं.

तापमान बरोबर केल्यावर दोन-तीन दिवस त्याला अजिबात हात लावू नका. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन घेऊन लिहून ठेवा. चरबी शेपटीत साठते, तेव्हा शेपटी भरलेली आहे तोवर थोडा दम धरता येतो, पण वजन उतरतंय, शेपटी काडीसारखी होतेय, किंवा ऊब देऊनही आणखी आठवडाभर तोंड लावत नाहीये तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडे न्या, शीचा ताजा नमुना बरोबर घेऊन. जंत आणि क्रिप्टोस्पोरिडियम (आतड्यातला एक परजीवी) त्यातच कळतात.

सासूबाईंना सांगा, घरातल्या पालीच्या बोटांना चिकटायच्या गाद्या असतात, याच्या बोटांना नुसती नखं. हा काच किंवा भिंत चढूच शकत नाही, त्यामुळे छतावरून अंगावर पडायचा प्रश्न येत नाही. याला पापण्या आहेत, तो डोळे मिचकावतो, ते त्यांना एकदा शांतपणे दाखवा. फक्त हाताळल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) असू शकतो, आणि टाकीतल्या वाट्या स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायच्या नाहीत.

प्रश्न : ताई, मी टोरांटोला शिकतो. तीन महिन्यांची दोन गेको एकाच टाकीत आहेत, एकटं वाटू नये म्हणून दोन घेतली. एक छान जाड झालंय, दुसरं कमी खातं आणि काल त्याची शेपटी तुटली. त्याला वेगळं काय खायला देऊ?

उत्तर : वेगळं खाणं नको, वेगळी टाकी दे, आजच. त्यांना सोबत लागत नाही. एकमेकांना बिलगून झोपलेली दिसतात तेव्हा आपल्याला माया वाटते, पण बहुतेक वेळा दोघांना तीच गरम जागा हवी असते आणि मोठं लहानाला दाबून बसलेलं असतं. तुझं दुसरं पिल्लू कमी खात नाहीये, त्याला खाऊ दिलं जात नाहीये. आणि या वयात नर-मादी ओळखता येत नाही, दोन्ही नर निघाले तर पुढे रक्त निघेपर्यंत भांडतील. शेपटी तुटली म्हणजे साठवलेली चरबीच गेली, म्हणून त्याला काही आठवडे रोज भरपूर खायला घाल, खाली फक्त स्वच्छ किचन टॉवेल ठेवून दिवसाला बदल. जखम सहसा आपोआप भरते, सुजली किंवा काळी पडायला लागली तर डॉक्टर. नवीन शेपटी येईल, थोडी गोलसर, कांद्यासारखी, तिच्यावर पहिल्यासारखी नक्षी नसेल.

प्रश्न : मी सासवडजवळ राहतो, दहावीत आहे. आमच्या माळावर दगडाखाली एक पालीसारखं पिल्लू मिळालं, अंगावर पिवळे आणि काळपट पट्टे. आजोबा म्हणाले विषारी आहे, मारून टाक. मी मारलं नाही, बुटाच्या खोक्यात ठेवलंय, दूध आणि भात दिला, खात नाही. यूट्यूबवर बघितलं तर लेपर्ड गेकोच दिसतोय. कसा पाळू?

उत्तर : तू त्याला मारलं नाहीस हे वाचून मला किती बरं वाटलं काय सांगू. ते विषारी नाही, आजोबांनाही सांग, त्याच्या चाव्याने माणसाला काही होत नाही. तुझ्या वर्णनावरून तो आपल्याकडचा लेपर्ड गेको वाटतो, युब्लेफॅरिस फस्कस, महाराष्ट्र आणि गुजरातच्या खडकाळ माळांवर राहणारा. व्हिडिओत दिसतात ते वेगळ्या जातीचे आणि कित्येक पिढ्या माणसाच्या घरात जन्मलेले, त्यांची आणि याची तुलना नको. सातपुड्यात तर यांची एक स्वतंत्र जात २०१४ साली नव्याने नोंदवली गेली, म्हणजे आपल्या पायाखाली काय आहे हे आपल्यालाच अजून पुरतं माहीत नाही.

पण तो पाळायचा नाही. रानातला प्राणी खोक्यात जेवत नाही, झुरतो, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, रानातलं जनावर धरून घरी ठेवण्यापायी वनविभागाची कारवाई मागे लागू शकते. दूध-भात काढून टाक, आज संध्याकाळी ऊन उतरलं की खोकं घेऊन जा आणि ज्या दगडाखाली सापडला त्याच दगडापाशी सोड, शंभर पावलं इकडे तिकडे नाही, तिथेच, कारण त्याच्या लपायच्या जागा त्याला तिथल्याच माहीत आहेत. शेपटीला धरू नकोस, तुटते. हवं तर एक फोटो काढ, तारीख आणि जागा वहीत लिही, पण नेमकी जागा नेटवर टाकू नकोस, पकडून विकणारे लोक ते बघत असतात. पुन्हा बघावासा वाटला तर पावसाळ्यात अंधार पडल्यावर आजोबांना घेऊन टॉर्चने लांबून बघ, आणि दगड उचललास तर जसा होता तसाच अलगद परत ठेव.