केनला लाल, कोलिसीला पिवळं?

प्रश्न : २०२३च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडच्या सॅम केनचं पिवळं कार्ड (दहा मिनिटं मैदानाबाहेर) फेरतपासणीत लाल (सामन्यातून बाहेर) झालं, दक्षिण आफ्रिकेच्या सिया कोलिसीचं पिवळंच राहिलं. डोक्याला धक्का तर दोघांनीही दिला. हा पक्षपात नाही का?

उत्तर : पक्षपात नव्हे, पण चीड समजण्यासारखी आहे. पंच क्रमाने पाहतात : डोक्याला धक्का लागला का, चूक टॅकल करणाऱ्याची, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणाऱ्याची का, धोका किती, आणि सूट द्यावी असं काही घडलं का, उदाहरणार्थ चेंडूवाला ऐनवेळी खाली वाकला. केन ताठ उभा होता, खांदा थेट दक्षिण आफ्रिकेच्या जेसी क्रिएलच्या डोक्यावर बसला. कोलिसीच्या टॅकलमध्ये धोका कमी धरला गेला. खरी गोची इथेच आहे. धोका मोजायला पट्टी नाही, आणि पिवळ्याचं लाल करायचं का हे ठरवणाऱ्या फेरतपासणीला मिनिटं जेमतेम आठ.