विकसनशील देशांत बांधकाम-पाडकामाच्या राडारोड्याचं करायचं काय?

रिसायकलिंग प्लांट ही नंतरची गोष्ट हो, आधी साइटवरच माल वेगळा ठेवायला हवा. सळई, दारं-खिडक्या, अख्ख्या विटा भंगारवाले तसंही उचलतात, उरतो तो काँक्रीट-प्लास्टरचा ढीग आणि तोच रात्री गुपचूप नाल्यात जातो कारण डंपिंगची जागा लांब नि ट्रकच्या फेरीला पैसे लागतात, म्हणून गोळा करायची ठिकाणं जवळ हवीत. काँक्रीट क्रशरमधून काढलं की रस्त्याखालच्या थराला, पेव्हर ब्लॉकला मस्त चालतं, फक्त जुना सिमेंटचा थर चिकटलेला असतो त्यामुळे ही खडी पाणी जास्त पिते, आधी भिजवून घ्यायची. जिप्सम (पीओपी, फॉल्स सीलिंगचा माल) या काँक्रीटमध्ये मिसळू देऊ नका. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे तर फोडायचेच नाहीत, ओले करून अख्खे काढायचे. आणि सरकारी टेंडरमध्ये हा रिसायकल केलेला माल घेतलाच नाही तर प्लांट नुसता धूळ खात पडतो.