गिलके-काकडीच्या रोपांची पानं कोण खातंय?

राम राम मंडळी. अमळनेरकडच्या एका ताईंनी विचारलंय की परसात गिलके, गंगाफळ, काकडी लावली, दोन पानं निघाली की भोकं पडतात अन् चार दिवसात नुसत्या काड्या उरतात, कोणती पावडर मारू?

ताई, पावडर राहू द्या, आधी उद्या सकाळी उन्हं यायच्या आत रोपांजवळ बसून बघा. नारिंगी-लाल, चमकदार, बोटाच्या पेरापेक्षाही लहान भुंगे दिसतील, तेच तांबडे भुंगेरे. शेजारचं कारलं सुखरूप असेल तर खात्रीच समजा, कारल्याला ते फारसे लागत नाहीत. गारव्यात ते सुस्त असतात, लगेच उडत नाहीत, तेव्हाच वेचा अन् थोडं रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. दव असतानाच पानांवर चाळलेली राख भुरभुरा, चांगली चिकटते, पाऊस झाला की परत टाकायची.

जुनी मच्छरदाणी असेल तर काड्या रोवून वरून टाका, कडा मातीत दाबा. पण मागच्या हंगामात तिथंच वेल होते तर झाकू नका, कारण या भुंग्याच्या अळ्या मातीत मुळं खातात, कोष पण मातीतच, मग भुंगे जाळीच्या आतच निघतील. जागा बदला, जुनी जागा खणून तापू द्या. फुलं आली की जाळी काढायचीच, नाहीतर मधमाशी कशी येणार अन् फळ कसं धरणार?

रोप रात्रीतून बुडाशीच कापलेलं दिसलं तर भुंगा नाही, कुरतडणारी अळी आहे. बाजूची माती दोन-तीन इंच उकरा, गोल वळून पडलेली सापडते.

धुळ्याच्या दादांचा प्रश्न मिरचीच्या रोपांना कोकडा येतो, म्हणजे पानं आकसून वळतात, त्याचा. पानं वर वाटीसारखी वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड), अन् पांढरी माशी विषाणू आणते तो वेगळाच. दादा, मच्छरदाणीतून ही माशी आरामात जाते, वाफ्याला ४० ते ५० मेशची, म्हणजे इंचाला ४०-५० भोकं असलेली, जाळी लागते. विषाणू लागलेलं रोप उपटा, जीव दुखला तरी लावू नका. पिवळे चिकट सापळे रोपांच्या शेंड्याच्या जरा वर लावा, फुलकिड्यांसाठी निळे.

अन् निंबोळी अर्क दोघांनीही करा, बांधावर कडुलिंबाची झाडं आहेतच आपल्याकडे. पाव किलो निंबोळी पावडर रात्रभर अर्धा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळून पाच लिटर करा, चिमूटभर साबणाचा चुरा टाका. फवारणी संध्याकाळीच, उन्हात त्याची ताकद जाते, अन् तयार केलेला अर्क दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.