टॅब नंतर, आधी ठराव

मॅडम, तुमचा प्रश्न असा: दोनशिक्षकी शाळा, पट 46, पहिली ते चौथी. कंपनी वीस टॅब द्यायला तयार आहे, पण मुख्याध्यापक "नको ती जबाबदारी" म्हणून टाळताहेत.

त्यांना नावं ठेवू नका. जिल्हा परिषदेच्या शाळांत मला बावीस वर्षं झाली. मुलांनी फोडलेले टॅब मी कमी पाहिले, कपाटात म्हातारे होऊन मेलेले जास्त. डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरला, नोंद झाली की ती वस्तू गुरुजींच्या मानेवर बसते. उद्या बदली झाली आणि पदभार सोपवताना एक नग कमी भरला तर? म्हणून कुलूप.

तेव्हा टॅब यायच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीची सभा लावा. वापरताना फुटला तर मुलाकडून वसुली नाही, शिक्षकाकडूनही नाही; नोंद करायची, दुरुस्त होत असेल तर करायचा, नाहीतर निर्लेखनाचा, म्हणजे रजिस्टरमधून वस्तू कमी करण्याचा, प्रस्ताव वर पाठवायचा, असा ठराव इतिवृत्तात घ्या. हा काही शासननिर्णय नव्हे. पण चौकशी लागलीच तर कागद आपल्या बाजूने बोलतो. केंद्रप्रमुखांना प्रत देऊन पोच घ्या.

आता कंपनी. हे फोन बहुधा जानेवारी-फेब्रुवारीतच येतात, कारण सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यासाठी कायद्याने ठरलेले नफ्याचे 2 टक्के त्यांना 31 मार्चच्या आत खर्ची टाकायचे असतात. त्या घाईत आपण हो म्हणतो आणि नुसते खोके येतात. वीस नको, बारा द्या म्हणा. एका वेळी एकाच शिक्षकाकडची, म्हणजे साधारण निम्मी मुलं बसणार, दोघांत एक पुरतो, आणि दोघं असली की बोलतातही. उरलेल्या पैशात जाड कव्हर, जादा चार्जर आणि तीन वर्षांची दुरुस्ती मागा. कायद्यात 'चालू प्रकल्प' म्हणून काही वर्षांचा खर्च दाखवायची सोय आहे. त्यांच्या माणसाला ते ठाऊक असतं, आपण विचारत नाही एवढंच.

सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून दरवर्षी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानावर मात्र विसंबू नका. 31 ते 100 पटाला 25 हजार, त्यातले 10 टक्के स्वच्छतेला, बाकीच्यात वीजबिल, खडू, किरकोळ डागडुजी. लोकवर्गणीचंही तसंच. नवी वस्तू आणायला गाव देतं, टीव्हीला हार घालायला सरपंचही येतात. दुरुस्तीला कोण देतो? जत्रेच्या मंडपाला देतील.

आमच्याकडे काच फारशी फुटली नाही. मोडली ती चार्जिंगची पिन. जुन्या टॅबना बारीक पिन होती, पोरं उलटी खुपसायची. टाइप-सीच मागा. मागच्या बाजूला ऑइलपेंटने नंबर टाका आणि नोंदवही मुलांकडे द्या. आमच्या चौथीतल्या एका मुलीची नोंद अजून आठवते: "7 नंबर. कोपरा चेपला. काच बरी आहे. मी नाही पाडला." माझ्या डेडस्टॉक रजिस्टरला इतका नेमकेपणा कधी जमला नाही.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा मजकूर गावात रेंज मिळेल तिथे आधीच उतरवून ठेवा. चार्जिंग शाळा भरलेली असतानाच, रात्रभर लावून जाऊ नका.

मे महिन्याची चूक माझी. पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात टॅब पूर्ण चार्ज करून ठेवले आणि गावी गेलो. जूनमध्ये उघडले तर चारांच्या बॅटऱ्या फुगून काचा वर आलेल्या. आता निम्म्या चार्जवर बंद करून शाळेजवळच्या एका पालकांच्या स्लॅबच्या घरात ठेवतो, सहीनिशी.

आणि कपाटाच्या किल्ल्या दोन करून घ्या. आमच्याकडे एकच होती. ती ज्यांच्याकडे ते सर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला गेले की टॅबलाही सुट्टी.