बटण ऐकू आल्यावर दाबायचं, दिसल्यावर नव्हे : कानाच्या पहिल्या तपासणीबद्दल वाचकांचे प्रश्न

सासऱ्यांचं वय ७२. टीव्हीचा आवाज सगळ्या आळीला ऐकू जातो, पण त्यांचं म्हणणं एकच, 'मला नीट ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता.' कसंबसं राजी करून येत्या शनिवारची ऑडिओमेट्रीची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीची, वेळ घेतली आहे. उपाशीपोटी न्यायचं का? काय तयारी करावी? – एक वाचक, सातारा

उपाशी मुळीच नेऊ नका. रक्ताची तपासणी नाही ही. नाश्ता, बीपी-साखरेच्या गोळ्या सगळं रोजच्यासारखं होऊ द्या. शक्य असेल तर सकाळची वेळ मागून घ्या. बंद खोलीत अर्धा तास कान देऊन बसायचं असतं आणि दमलेला माणूस ऐकू येऊनही बटण दाबायला चुकतो.

आधी एक गोष्ट सासऱ्यांच्या बाजूने. 'तुम्ही पुटपुटता' हे ते खोटं बोलत नाहीत. वयानुसार कमी होतं ते बहुधा वरच्या पट्टीचं ऐकणं. स्वर जाड असतात, ते पोचतात. स, श, फ, थ यांसारखी बारीक व्यंजनं गळतात. 'साठ रुपये' म्हटलं की 'आठ रुपये' ऐकू येतं. आवाज येतो, शब्द कळत नाही, म्हणून दोष बोलणाऱ्याचा वाटतो. हे त्यांना असंच सांगून पाहा, तपासणीला येताना कुरकुर कमी होईल.

बरोबर काय न्यायचं? जुने कानाचे कागद असतील तर ते, आणि औषधांची पाकिटंच पिशवीत टाका. नावं पाठ करून सांगण्यात चूक होते. पूर्वी टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, कधी जेंटामायसिन किंवा अमिकासिन, कॅन्सरसाठी सिस्प्लॅटिन घेतलं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण ही औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात. नोकरी कुठे झाली हेही सांगा. यंत्रमाग, साखर कारखाना, फोर्जिंग, ट्रॅक्टर यांचा आवाज कानात साठतो. आणि एका कागदावर चार-पाच ओळी लिहून न्या : फोन कोणत्या कानाला लावतात, मिक्सर चालू असताना हाक कळते का, नातवंडांचं बोलणं जास्त अडतं की मोठ्यांचं, चक्कर येते का, कान वाजतो का, कधीपासून. 'कमी ऐकू येतं' या तीन शब्दांपेक्षा या कागदाचा उपयोग कितीतरी जास्त.

आता प्रत्यक्ष तपासणी. आधी दिव्याने कानात बघतात. मग आवाजबंद खोलीत बसवून हेडफोन लावतात, लाल उजव्या कानाला, निळा डाव्या. चष्मा, टोपी, कानातलं, ऐकण्याचं जुनं मशीन हे सगळं काढायचं. बायकांनी कुड्या, वेल काढून, कानावर येणारा अंबाडा सैल करून जावं, आणि हातभर बांगड्या त्या दिवशी घरीच बऱ्या. बारीक आवाज ऐकायचा असतो तेव्हा स्वतःच्याच बांगडीचा किणकिणाट आड येतो.

ज्या कानाने बरं ऐकू येतं तिथून, १००० हर्ट्झच्या (हर्ट्झ हे आवाजाच्या पट्टीचं माप) 'पीं'ने सुरुवात होते. ऐकू आलं की आवाज १० डेसिबलने (हे आवाजाच्या जोराचं माप) उतरवतात, आलं नाही की ५ ने चढवतात. असं खाली-वर करत, चढताना निदान निम्म्या वेळा ऐकू येईल असा सर्वांत हळू आवाज शोधतात आणि आलेखावर खूण करतात : उजव्यासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. मग २०००, ४०००, ८०००, आणि खाली ५००, २५०.

चुका इथेच होतात. पहिली : आवाज 'नीट, स्पष्ट' येईपर्यंत थांबणं. आला की नाही अशी शंका येण्याइतका बारीक आवाज हाच तर शोधायचा असतो, तेव्हा तेवढ्यालाच बटण दाबायचं. थांबून थांबून दाबलं तर आलेख १०-१५ डेसिबलने खाली येतो, म्हणजे ऐकणं आहे त्याहून वाईट दिसतं, त्यावर बेतलेलं मशीन कर्कश वाटतं आणि पंधरा दिवसांत कपाटात जातं. दुसरी : परीक्षा समजून पास व्हायला बघणं. काही आजोबा तालावर बटण दाबत राहतात, काही काचेपलीकडच्या माणसाच्या हाताकडे टक लावून बसतात. अनुभवी ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे तज्ज्ञ) मधली विश्रांती मुद्दाम लहान-मोठी करतात आणि खुर्ची तिरकी ठेवतात, ते याचसाठी. सासऱ्यांना एवढंच सांगा, इथे नापास कोणी होत नाही.

पुढे कानामागच्या हाडावर एक छोटं थरथरणारं बटण लावतात. पडदा आणि मधला कान टाळून आवाज थेट आतल्या कानाला देण्याची ही युक्ती. हेडफोनने कमी आणि हाडाने चांगलं ऐकू आलं तर अडचण मळ, पडदा किंवा मधल्या कानात असते, जिथे औषधाने वा शस्त्रक्रियेने फरक पडण्याची आशा जास्त. दोन्हींनी सारखंच कमी आलं तर आतल्या कानाची किंवा नसेची. या वेळी दुसऱ्या कानात 'शूऽऽ' असा आवाज सोडतात. त्याकडे दुर्लक्ष करायचं, बटण फक्त 'पीं'ला.

शेवटी शब्द ऐकवून परत म्हणायला लावतात. इथे नियम उलटा : जे ऐकू आलं ते अर्धवट असलं तरी म्हणून टाकायचं, गप्प बसायचं नाही. शब्द मराठीतले आहेत ना, हे आधीच विचारा. इंग्रजी किंवा हिंदी शब्दांना अडखळलेला माणूस कानाने अडखळला की भाषेने, हे कळत नाही.

वयस्कर माणसांत आणखी एक गोम असते. कानाच्या नळीची कूर्चा (लवचिक मऊ हाड) सैल पडलेली असते, हेडफोनच्या दाबाने नळीचं तोंडच मिटतं, आणि नसलेला बहिरेपणा आलेखात दिसतो. हेडफोन लावल्यावर आवाज आणखी कोंडल्यासारखा वाटला तर सासऱ्यांनी तसं लगेच बोलावं. नळीत बसणारे स्पंजचे इअरफोन वापरून हा घोळ टळतो.

सगळं मिळून पाऊण ते एक तास धरा. घरचं एक माणूस जरूर जावं, पण त्यांच्या वतीने उत्तरं देऊ नयेत.

कानात मळ आहे हे माहीत आहे. तपासणीच्या आदल्या रात्री कोमट तेल घालून सकाळी कानकोरण्याने साफ केलं तर चालेल ना? – कोल्हापूर

नाही. कानकोरणं, हेअरपिन, आगकाडी, कापूसकाडी, सगळ्यांचं काम एकच : मळ आत ढकलणं. मोठ्या माणसाची कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, पलीकडे पडदा. तेलाने, मग ते लसणाचं असो की नारळाचं, पडद्यावर थर बसतो आणि तपासणाऱ्याला आत काही दिसत नाही. लसूण तडतडवलेलं तेल गरम पडून नळी भाजण्याचे प्रकारही होतात.

थोडा मळ असला तर तपासणीला बाधा नाही. बाजूने बारीक फट असली तरी आवाज जातो. नळी पूर्ण बुजली तर मात्र ३०-४० डेसिबलपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून तारखेच्या आठवडाभर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. त्यांनी मळ मऊ करणारे थेंब दिले तर ते सांगतील तितके दिवस घाला. थेंबांनी मळ फुगतो आणि कान आधीपेक्षा जास्त बंद वाटतो. घाबरू नका, काढल्यावर मोकळा होतो. मळ काढून झाल्यावर दोन-तीन दिवस मध्ये जाऊ द्या, मग ऑडिओमेट्री. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर विचारल्याशिवाय एक थेंबही घालू नका.

मी ढोल पथकात आहे. विसर्जनानंतर कानात सतत 'कुंईऽऽ' वाजत राहतं. मिरवणुकीच्या दुसऱ्याच दिवशी तपासणीची वेळ मिळते आहे. घेऊ का? – पुणे

नुसता नाद असेल तर दोन दिवस पुढची घ्या. मोठ्या आवाजानंतर आतल्या कानाच्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) थकतात आणि काही काळ ऐकणं खाली जातं, बरंचसं परत येतं. त्या काळात काढलेला आलेख थकलेल्या कानाचा असतो. तपासणीआधी किमान १६ तास शांततेत गेलेले हवेत : सराव नाही, इअरफोन नाही, कारखान्याची पाळी नाही. बुलेटवरून दूरचा प्रवास करूनही येऊ नका. पण ऐकू येणं स्पष्ट कमी झालं असेल, विशेषतः एकाच कानाने, तर थांबायचं नाही. खालचं उत्तर वाचा.

वेळ घेताना 'मोठ्या आवाजात काम असतं' असं सांगा आणि ३००० व ६००० हर्ट्झही तपासायला लावा. आवाजाने झालेली इजा बहुतेक वेळा ४००० च्या आसपास खड्डा म्हणून उमटते, पुढे ८००० ला रेषा पुन्हा थोडी वर येते. बोलणं ऐकायला अजून त्रास नसतो, म्हणून हा खड्डा वर्षानुवर्षं कळत नाही. तपासताना कानातला नाद आणि हेडफोनमधला 'पीं' एकमेकांत मिसळत असतील तर सांगा. तुटक किंवा थरथरता आवाज देता येतो, तो वेगळा ओळखू येतो.

सकाळी उठले तर डावा कान एकदम बंद. ऑडिओमेट्रीसाठी १२ दिवसांनंतरची तारीख मिळाली. तोवर वाफ घेऊ? – नाशिक

वाफ नको, तारीखही नको. आजच कान-नाक-घसा विभागात जा आणि 'अचानक ऐकू येणं बंद झालं' हेच शब्द वापरा. मळ निघाला तर उत्तम. पण नसेचा प्रकार असेल तर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक, दोन आठवड्यांनंतर तो फार घटतो. अशा रुग्णाला रांगेबाहेर तपासतात. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

बाळ दहा महिन्यांचं. जन्मानंतरच्या कानाच्या चाचणीत 'रेफर' आलं होतं, आम्ही दुर्लक्ष केलं. आता बेरा ही कानाची चाचणी सांगितली आहे, झोपेचं औषध देणार म्हणतात. घरचे म्हणतात, बापही उशिरा बोलला होता. – अहिल्यानगर

'रेफर' म्हणजे बहिरं नव्हे, 'पुन्हा तपासा' एवढंच. बाळाच्या नळीतल्या ओल्या चिकट्यामुळेही तसं येतं. पण पुन्हा तपासायला हवं होतंच. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं वेळापत्रक जगभर धरलं जातं. तुमचं बाळ त्यापुढे गेलं आहे, तेव्हा बाप कधी बोलला हा विषय बाजूला ठेवा आणि ही तारीख चुकवू नका.

बेरात बाळाने काही करायचं नसतं, फक्त गाढ झोपायचं. कानात टकटक आवाज सोडून कपाळावर आणि कानामागे चिकटवलेल्या तारांतून नसेचा प्रतिसाद मोजतात. हातपाय हलले की आलेख बिघडतो. म्हणून आदल्या रात्री दीड-दोन तास उशिरा झोपवा आणि पहाटे लवकर उठवा. सगळी मेहनत वाया जाते ती गाडीत : एसटीच्या हेलकाव्याने बाळ दवाखान्याच्या दारात अर्धा तास झोपून ताजंतवानं उठतं. एकाने खास त्याला जागं ठेवायलाच सोबत यावं.

आदल्या दिवसापासून डोक्याला तेल नको, अंगाला मालिश नको, कपाळावर तीट नको. तार नेमकी तिथेच चिकटवायची असते, तेलकट कातडीवर ती टिकत नाही. दृष्टीची फारच काळजी असेल तर तीट तळपायाला लावा. झोपेचं औषध वजनावरून ठरतं आणि ते तिथेच, देखरेखीखाली द्यायचं, घरून पाजून आणायचं नाही. त्याआधी दूध किती वेळ बंद ठेवायचं हे केंद्राला विचारून तंतोतंत पाळा. सर्दी, खोकला, ताप असेल तर आधी फोन करा. झोप लागल्यावर तास-सव्वा तास लागू शकतो. कपडे, लंगोट आणि जागं झाल्यावर लगेच देता येईल असं दूध जवळ ठेवा.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग वाक् व श्रवण संस्था आहे. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही बेरा होते.

मशीनच्या दुकानात 'मोफत तपासणी' असते. तिथे केली तर काय बिघडलं? – ठाणे

दुकान आहे म्हणून काही बिघडत नाही, अर्धीमुर्धी तपासणी झाली तर बिघडतं. तीन गोष्टी बघा. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का (नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका). खोली आवाजबंद आहे का, की बाहेरच्या रिक्षा ऐकू येतात. हाडावरची चाचणी केली का. ती नसेल तर पडद्याला भोक असलेल्या माणसालाही मशीन विकलं जातं. आलेखाची प्रत मागा. ती द्यायला जे का-कू करतात त्यांच्याकडून मशीन घेऊ नका. मोबाइलवरच्या अॅपचंही तेच : शंका यायला पुरेसं, मशीन घ्यायला नाही.

रिपोर्टवर ४८ डीबी लिहिलं आहे. म्हणजे ४८ टक्के बहिरेपणा? अपंगत्वाचं कार्ड मिळेल? – नागपूर

डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत, हा गोंधळ फार जुना. ४८ म्हणजे बोलण्याच्या पट्टीतले आवाज तुम्हाला सरासरी ४८ डेसिबलला ऐकू यायला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २० पेक्षा कमी सामान्य, २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम. तुम्ही मध्यममध्ये. समोरासमोर शांत खोलीत निभावतं, लग्नाच्या हॉलमध्ये नाही.

कार्डासाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कान बघतो : दोन्हींत ६० ते ७० डेसिबल असेल तर 'कमी ऐकू येणारे', ७० पासून पुढे 'कर्णबधिर'. तेव्हा ४८ वर कार्ड मिळणार नाही. मशीनचा उपयोग मात्र याच टप्प्यावर चांगला होतो.

आणि नुसता आकडा घेऊन घरी येऊ नका. ४८ सरासरी असलेल्या दोघांपैकी एकाची रेषा सपाट असते, दुसऱ्याची खालच्या पट्टीत ठीक आणि वरच्या पट्टीत कडा कोसळल्यासारखी. दोघांना मशीन वेगळं बसवावं लागतं. लाल गोल आणि निळ्या फुल्या असलेला पूर्ण आलेख मागा, तारखेसकट फोटो काढून ठेवा. वर्षभराने पुन्हा तपासाल तेव्हा पहिला प्रश्न 'मागचा आलेख आहे का?' हाच असेल.