पगाराचा दहावा हिस्सा देवाला दिला की माणूस विश्वासू कारभारी ठरतो का?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती माणसाने देवाच्या आशीर्वादांचा विश्वासू कारभारी व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं, दर महिन्याला पगारातून 10 टक्के देता ते पुरे का, आणि ते एकूण पगारावर काढायचे की हातात पडणाऱ्या रकमेवर. शेवटचं आधी सांगून टाकते. मी वसईची कॅथलिक. आमच्यात 10 टक्क्यांचा नियम नाही. ख्रिस्तसभेच्या गरजांना ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे हातभार लावावा, एवढंच सांगितलेलं आहे. तुमच्या मंडळीत नियम असेल तर एकूण की निव्वळ ते तुमच्या पाळकांना विचारा.

मी लिहायला बसले ती तुमच्या "पुरे का" या दोन शब्दांमुळे. हा प्रश्न माझ्या थोरल्या भावाने वीसेक वर्षांपूर्वी परस्पर सोडवून टाकला, आणि तेव्हा मला धड बोलता आलं नाही.

आमच्या माहेरच्या वाडीत बावखल होतं. वसईबाहेरच्यांना हा शब्द माहीत नसतो. वाडीच्या पोटात खणलेला वेडावाकडा, खोल डोह. पावसाने भरतो, झऱ्यांनी टिकतो. पूर्वी त्यावर रहाट असायचे, माझ्या लहानपणी पंप आले होते. त्या पाण्यावर आमची केळी, पानवेल आणि कुंपणाशी सोनचाफ्याची चार झाडं. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की बाबा गाळ काढायचे. सकाळी सहालाच दोन गडी आणि आम्ही चार भावंडं आत उतरायचो. लोण्यासारखा काळा गाळ, घमेलं डोक्यावर घेतलं की कानामागून ओघळ मानेवर यायचा. त्याला शेवाळाचा आणि कुजलेल्या केळीच्या पानांचा वास. तो गाळ केळीच्या आळ्यांत पडायचा. विकतचं खत बाबांनी फार क्वचित आणलं. मरळी सापडायच्या. मोठ्या घरी यायच्या, लहान परत पाण्यात.

बाबांचा एक नेम होता. तळाला गुडघाभर पाणी उरलं की पंप बंद, मग आमची स्वतःची केळी का माना टाकेनात. "तेवढं आपलं नाही," म्हणायचे. शेजारच्या वाडीत बावखल नव्हतं, त्यांना एक दिवसाआड पाळी होती, फुकट. आणि वसईच्या विहिरी उपसून टँकरने पाणी विकायचा धंदा जोरात होता, तेव्हा एक टँकरवाला आमच्या ओट्यावर येऊन बसला. फेरीमागे रोख देतो म्हणाला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. पुढे आमचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई चळवळीतली माणसं त्या उपशाविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा बाबा मोर्च्यात चालत गेले होते. कारभारीपणावर प्रवचन देता येईल इतके ते शिकलेले नव्हते. सातवी पास.

बाबा 2001 मध्ये गेले. दोन वर्षांत दादाने आम्हा तिघी बहिणींना बोलावून हक्कसोडपत्र पुढे ठेवलं. भारतीय वारसा कायदा, 1925 प्रमाणे ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी शाळेत शिकवत होते. तरी सही केली, माहेर तुटू नये म्हणून. त्याच पावसाळ्याआधी बावखलात भरणी पडली. रात्री डंपर यायचे. तुटक्या विटा, फरश्यांचे तुकडे, कुणाच्या तरी मोडलेल्या न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स. दादाचं म्हणणं, पाणी पडीक आहे, डास होतात, जागा वाया चाललीय. तिथे आठ खोल्यांची चाळ उभी राहिली.

त्या भाड्यातला दहावा हिस्सा दादा दर महिन्याला पाकिटात घालून चर्चला देतो. एकही महिना चुकलेला नाही. ऑक्टोबरात आगेराचा, म्हणजे आमचा सुगीचा सण होता, भाताच्या आशीर्वादित लोंब्या घेऊन आम्ही त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. भर पंगतीत तो मला म्हणाला, "बघ बाय, देवाने एक दिला होता, मी त्याचे दहा केले, आणि दहावा त्याला पोचता करतो. शुभवर्तमानात हेच सांगितलंय ना?" मी ताट घेऊन आत स्वयंपाकघरात गेले.

आता उत्तर देते, तुम्हाला आणि त्यालाही.

बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातला तो दाखला सगळ्यांना पाठ असतो, पण धनी परगावी जाताना आपली मालमत्ता चाकरांच्या हवाली करतो, यातल्या "आपली"वर कुणी थांबत नाही. पैसा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत धन्याचाच आहे. तीन चाकरांना पाच, दोन आणि एक तलांत मिळतात, पहिले दोघे त्याचे दुप्पट करतात. आणि रक्कम केवढी? एक तलांत म्हणजे 6,000 दिनार, दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला एकच मिळाला त्याच्या हातातही वीसेक वर्षांची कमाई होती. त्याने काय केलं? जमीन खणून पुरलं. माझ्या डोळ्यांसमोर दर वेळी त्या निळ्या टाइल्स येतात. दादा स्वतःला पाच तलांतवाला चाकर समजतो. मला तो तिसरा वाटतो. आमच्या घराला मिळालेला सगळ्यात मोठा ठेवा त्याने पुरला, आणि वर भाडं लावलं.

दशमांश म्हणजे दहाचा हिशेब. लूकच्या 16व्या अध्यायातला धनी कारभाऱ्याला बोलावतो तो सगळ्या कारभाराचा हिशेब मागायला. उरलेले नव्वद कुठून आले, कुणाचं काय घेऊन आले, हे तो विचारणारच. बहिणींच्या वाट्यावर उभ्या राहिलेल्या खोल्यांचा दहावा हिस्सा देवाला पोचतो असं मला वाटत नाही. तो चर्चच्या वहीपर्यंत पोचतो. येशू शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, हेच सुनावतो: पुदिना, शेप, जिरं यांचासुद्धा दशांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. मी भाजीपाल्याच्या घरातली, पुदिन्याची जुडी मोजून दहावी बाजूला काढणारा माणूस मला लख्ख दिसतो.

आणि जमिनीबद्दल तर शंकेला जागाच नाही. लेवीयच्या 25व्या अध्यायात देव सांगतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे आहात. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. राखण. बाबांचं गुडघाभर पाणी मला त्या शब्दात दिसतं.

भरणीनंतर तीन-चार वर्षांत दादाच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. आमच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. जमिनीतल्या गोड्या पाण्याचा दाब आहे तोवर खारं पाणी बाहेर राहतं. बावखलं बुजली, उपसा वाढला की ते आत सरकतं. डाळ शिजेना तेव्हा वहिनीने मला फोन केला. पुढे जुलै 2018 मध्ये वसई दिवसेंदिवस पाण्याखाली होती, रेल्वेसुद्धा बंद पडली, तेव्हा त्या आठ खोल्यांत मांडीभर पाणी होतं. पूर्वी वाडीतलं पाणी उतरत जाऊन बावखलात बसायचं. भाडेकरूंची लहान मुलं मी आणि माझ्या नवऱ्याने आमच्या माळ्यावर आणून ठेवली.

दादा वाईट माणूस नाही, हे मी आधीच लिहायला हवं होतं. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा सहा वर्षं तिचं सगळं त्याने आणि वहिनीने केलं, औषधपाण्याला आम्हा बहिणींकडे एक रुपया मागितला नाही. त्या पैशातला बराचसा चाळीच्या भाड्यातूनच आला, हेही खरं आहे. आणि दशमांश सोडा असं मी म्हणत नाही. येशूसुद्धा म्हणतो, हे करायला हवं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. फक्त कर्ज काढून किंवा मुलांची फी अडवून देऊ नका. तुमच्याकडे जमीन नसेल, नुसती नोकरी असेल, तर वेळ, शिकलेली विद्या, हाताखालची माणसं, तीही दिलेलीच आहेत. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला पगार वेळेवर मिळतो का, तिथपासून पाहा. आणि वडिलांच्या इस्टेटीतून काही आलं असेल तर त्यावर बहिणीची सही कशी घेतली होती ते आठवा. तिने हसत केली असली तरी तिला एकदा एकटीला गाठून विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या सासरच्या वाडीत बावखल आहे. मे महिन्यात आम्ही अजून गाळ काढतो, आता माणसं मिळत नाहीत म्हणून अर्धाच निघतो. माहेरी चाळीच्या मागे, जुन्या नारळापाशी, बारा बाय वीस फुटांचा तुकडा अजून बांधकामावाचून आहे. त्याखाली बावखलाचीच कड आहे. तेवढीच भरणी काढून खड्डा मोकळा करू दे, खर्च मी करते, असं मी दादाला गेल्या आगेराला सांगितलं. "बघतो" म्हणालाय.